८० मुलं म्हणजे ९ मुलं : संशोधन प्रस्ताव लिहिणाऱ्या नव्या प्राध्यापकांसाठी

आयसीएसएसआरची (सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला अनुदान देणारी केंद्रीय परिषद) जाहिरात आली की बी.एड. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकाकडे एक विषय तयार असतो : ‘अमुक अध्यापन पद्धतीची परिणामकारकता’. पात्रता, लघु की बृहत् प्रकल्प, प्राचार्यांची सही-शिक्का हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे सरळ नमुना निवडीवर, म्हणजे अभ्यासासाठी कुठली आणि किती मुलं घ्यायची यावर येते, कारण माझा प्रस्ताव तिथेच आपटला.

एम.एड.च्या लघुप्रबंधात आपण काय करतो? एक शाळा. सातवी अ प्रायोगिक गट (नवी पद्धत), सातवी ब नियंत्रित गट (नेहमीची पद्धत). पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारा आकडा), शून्य परिकल्पनेचा (‘फरक नाही’ या गृहीतकाचा) त्याग, बाइंडिंग. तोच साचा घेऊन मी सादरीकरणाला उभी राहिले. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “अ तुकडीला गणित कोण शिकवतं?” मी सांगितलं. “आणि ब ला?” दुसऱ्या मॅडम. “मग फरक पद्धतीचा की मॅडमचा?” उरलेल्या स्लाइड मी कशाबशा उरकल्या.

हे नीट समजून घ्या, कंटाळा आला तरी. एका तुकडीतली मुलं एकमेकांसारखी असतात : तेच शिक्षक, बहुधा तीच वस्ती, जेवणानंतरचा तोच झोपाळू तास. या सारखेपणाचं माप समजा ०.२ धरलं. सूत्र असं : तुकडीतल्या मुलांच्या संख्येतून १ वजा करा, ०.२ ने गुणा, त्यात १ मिळवा. ४० च्या तुकडीसाठी उत्तर येतं ८.८. आता तुमच्या दोन तुकड्यांतल्या ८० मुलांना ८.८ ने भागा. माहिती उरली जेमतेम ९ मुलांएवढी! तीच ८० मुलं १० शाळांमधून आठ-आठ घेतली, तर भागायचं २.४ ने, म्हणजे ३३ मुलांएवढी माहिती हाती लागते. आणि दोन्ही बाजूंना एकेकच तुकडी असेल तर ते ९ सुद्धा कागदावरचेच, कारण पद्धत आणि तुकडी वेगळी काढायला मार्गच नाही. मुलं वाढवून हे सुटत नाही, शाळा वाढवाव्या लागतात. शाळा वाढल्या की प्रवासखर्च, क्षेत्र अन्वेषक (शाळांत जाऊन माहिती गोळा करणारे), शिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र, सगळंच वाढतं. म्हणून अंदाजपत्रक नमुना ठरल्यावर करा. आधी रकमेची मर्यादा बघून मग शाळा मोजणारे बरेच भेटलेत मला.

१० शाळा झेपणार नसतील तर घाबरू नका. प्रयोगच करायला हवा असं कुठे आहे? १/२ + १/३ = २/५ लिहिणारं पोर नेमका काय विचार करतं, हा प्रश्न एका वर्गात बसून, वह्या चाळून, मुलांशी बोलून अभ्यासता येतो. ‘परिणामकारकता’ हा शब्द शीर्षकातून काढला तरी प्रस्ताव हलका होत नाही, उलट खरा वाटतो.

वेळापत्रकात ‘जून : माहिती संकलन’ असं लिहू नका. मंजुरीपत्र केव्हा येईल ते तुमच्या हातात नाही. ते नोव्हेंबरात आलं तर पुढे स्नेहसंमेलन, शिष्यवृत्ती परीक्षा आणि एखादी निवडणूक असली की शिक्षकच ड्यूटीवर. ‘पहिला महिना, दुसरा महिना’ असं लिहा आणि शाळा खऱ्या अर्थाने भरते ते महिनेच कामाचे धरा.

मार्गदर्शकांबद्दल एकच सांगते. ‘प्रस्ताव मी बघतो, प्रकल्पाचा सहसंचालक म्हणून माझं नाव टाक’ म्हणणाऱ्या सरांपासून लांब राहा. त्यापेक्षा तुमची चाचणी घेऊन वर्गात जाणारी जिल्हा परिषद शाळेची एखादी बाई शंभर पटीने उपयोगी. तिसरा प्रश्न मुलांना कळतच नाही, हे तीच सांगेल. तयार प्रस्ताव विकणारेही आहेत. त्यात सातवी अ आणि सातवी ब च असते.

पैसे हप्त्याने येतात आणि पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीचे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याच्या दाखल्यावर अडतो. जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-अ हा त्याचा फॉर्म. कॉलेजच्या लेखापालांना तो आत्ताच दाखवा. अंदाजपत्रकातल्या कुठल्या शीर्षाखालचा खर्च कुठे वळवता येत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, आणि मार्च अखेरीस त्यांना गाठणं अशक्य असतं.