स्टेशनरीचा ट्रक आणि प्राचार्य न्यायाधीश : इंग्रजीवरून बातमी करताना या चुका टाळा

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला, हे आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. त्या हिशेबाने छापील चुकांची परंपराही देशात आमचीच सर्वांत जुनी असणार. पण हल्ली सकाळच्या चहाबरोबर मी ज्या चुका वाचतो त्या खिळे जुळवणाऱ्याच्या नव्हेत. खिळेवाल्याचा हात चुकायचा, ‘मंत्री’चा ‘संत्री’ व्हायचा आणि लोक हसून पान उलटायचे. आता हात चुकत नाही, अर्थ चुकतो. आणि अर्थ चुकलेले वाक्य इतके गुळगुळीत असते की रात्रपाळीच्या उपसंपादकाला शंकासुद्धा येत नाही.

गोव्यात मराठी पत्रकारिता म्हणजे निम्मे भाषांतर. पोलिसांची नोट इंग्रजीत, पर्वरीच्या सचिवालयातून येणारी प्रेसनोट इंग्रजीत, हायकोर्टाचा निवाडा इंग्रजीत. माणूस बोलतो कोकणीत, कागद येतो इंग्रजीत आणि बातमी द्यायची मराठीत. या तिठ्यावर मी डेस्कची बावीस वर्षे काढली. आता निवृत्त आहे, तरी नव्या मुलांना चार गोष्टी सांगायला अधूनमधून बोलावतात. मुले हुशार असतात, पण त्यांना सगळे दहा मिनिटांत हवे असते. ‘सर, कन्फ्यूजिंग वर्ड्सची पीडीएफ आहे का?’ हा पहिला प्रश्न. नाही, बाबा. माझ्याकडे एक फाटकी लांब वही आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दाशेजारी कुणीतरी कधीतरी खाल्लेला ओरडा आहे. त्यातला बराचसा माझाच.

इंग्रजी वाचणाऱ्याला हे सारखे ऐकू येणारे शब्द स्पेलिंगमुळे अडवतात. आपली अडचण वेगळी आहे. इंग्रजीत जो फरक एका अक्षराचा असतो, तो देवनागरीत आला की ते अक्षरच गळून पडते. म्हणजे खात्री करून घ्यायची तर मूळ कागद समोर असतानाच. एकदा का शब्द ‘स्टेशनरी’ असा टाइप झाला, की त्याचे मूळ कुणालाच कळणार नाही.

उभा ट्रक

हायवेवर रात्री अपघात झाला होता. स्कूटरवाला ट्रकला मागून धडकला, पाय मोडला, बांबोळीच्या इस्पितळात हलवला. पोलिसांच्या नोटीत ‘स्टेशनरी ट्रक’ असे होते. सत्तरी तालुक्यातून आलेला एक मुलगा नव्याने रुजू झाला होता. त्याने झकास मथळा दिला : ‘स्टेशनरीच्या ट्रकला स्कूटरची धडक’. खाली बातमीत तर ट्रक ‘स्टेशनरी घेऊन फोंड्याच्या दिशेने निघाला होता’. हे ‘निघाला होता’ नोटीत कुठेच नव्हते. पण माल आहे म्हणजे तो कुठेतरी निघालाच असणार, असे धरून वाक्य आपोआप पुढे सरकले. पान मीच वाचले आणि मीच सोडले. वाक्यात खटकण्यासारखे काही नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ट्रकमालकाचा फोन आला. आवाज चढलेला. ‘माझ्या ट्रकात चिरे होते! तुम्ही स्टेशनरी कुठून भरली? विमावाले कात्रण दाखवून विचारतात, माल कोणता खरा?’ मग खास गोंयकारी थाटात त्याने खुलासा केला, ‘अरे बाबा, ट्रक उबो आशिल्लो!’

ट्रक उभा होता. त्या एका विशेषणात पोलिसांनी अपघाताचे सार सांगितले होते. हायवेच्या कडेला अंधारात, मागचे दिवे न लावता ट्रक उभा असेल, तर चूक कुणाची, किती आणि भरपाई कुणी द्यायची याचा सगळा हिशेब बदलतो. आम्ही तोच शब्द गिळला आणि त्या जागी वह्या-पेन्सिली भरल्या.

वहीत मी त्या दिवशी ‘ए वाला उभा, ई वाली वही’ असे लिहून ठेवले, म्हणजे स्पेलिंगच्या शेवटी ‘एआरवाय’ असेल तर उभा, ‘ईआरवाय’ असेल तर वह्या-पेन्सिली. खरे सांगायचे तर असल्या युक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. रात्री पावणेबाराला युक्ती आठवत नाही, आठवते ते फक्त पान सोडायची वेळ. माझी सवय वेगळी आहे. अपघाताच्या बातमीत मी मालाचा शब्द दिसला की थांबतो आणि विचारतो, माल बातमीत कशाला आला? चिरे रस्त्यावर सांडून वाहतूक अडली असेल, टँकरमधून गॅस गळत असेल, तर माल येतो. एरवी माल सांगण्याइतका पोलीस हवालदार हौशी नसतो.

याच घरातली बाकीची भावंडे पटकन उरकतो. प्रिन्सिपल : कॉलेजात प्राचार्य, बँकेत मुद्दल, कोर्टात प्रधान. ‘प्राचार्य जिल्हा न्यायाधीश’ मी छापलेले पाहिले आहे, दोनदा. आणि स्पेलिंगचा शेवट बदलला तर तत्त्व. कौन्सिलर : म्हापशाच्या पालिकेतला असेल तर नगरसेवक, शाळेत मुलांशी बोलायला आलेली असेल तर समुपदेशक. ‘परीक्षेच्या ताणाबाबत नगरसेविकेचे मार्गदर्शन’ हे वाचून त्या वॉर्डातली खरी नगरसेविका रुसली होती म्हणतात. ऑर्डिनन्स : सरकारने काढला तर वटहुकूम, एक आय कमी झाला तर दारूगोळा.

कॅज्युअल्टी

ही चूक माझी. पोरांवर डाफरायचा अधिकार सांगण्याआधी ती सांगितली पाहिजे.

गोव्यात कॅज्युअल्टी म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. बांबोळीच्या इस्पितळात शिरताच जिथे स्ट्रेचर ढकलतात ती जागा. शब्द इतका आपला झालेला की त्याला दुसरा अर्थ असेल याची शंकाही येत नाही. माझ्या मनात त्याचा दुसरा अर्थ होता, पण तो मी सिनेमातून उचललेला : कॅज्युअल्टी म्हणजे मेलेला माणूस.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. टेलिप्रिंटरवर उशिरा चार ओळी आल्या. शेजारच्या राज्यात घाटात बस कोसळली, बसमध्ये गोव्याचे काही प्रवासी, १७ कॅज्युअल्टीज. मी पहिल्या पानाच्या तळाला चौकट केली : ‘बस दरीत कोसळून १७ ठार’. पुढच्या ओळी यायच्या आत पान गेले.

सकाळी ऑफिसात पोचलो तर शिपायाने बाकड्याकडे बोट दाखवले. एक वयस्क गृहस्थ बसले होते. पहिल्या फेरीबोटीने चोडण बेटावरून रायबंदरला उतरून आले होते. पायांत रबरी चपला, हातात चौकोनी घडी घातलेला आमचा अंक, चौकट वर येईल अशी. जावई त्या बसमध्ये होता. मी टेलिप्रिंटरकडे धावलो. मागाहून आलेल्या बातमीत होते : ४ मृत, १३ जखमी. फोनाफोनीत दुपार झाली. जावयाचा हात मोडला होता, तो इस्पितळात होता आणि चहा पीत होता. हे त्यांना सांगितले. ते ओरडले नाहीत. चौकटीवर बोट ठेवून एवढेच म्हणाले, ‘मागीर हें कित्याक बरयलें?’

मग हे का लिहिले? उत्तर नव्हते. आम्ही दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापली. चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती पाचव्या, हा आमच्या धंद्याचा जुना रिवाज आहे. मला तो तेव्हाही पटला नव्हता.

तर कॅज्युअल्टीज म्हणजे मृत अधिक जखमी. युद्धाच्या बातमीत तर बेपत्ता आणि पकडले गेलेलेसुद्धा. कुणी त्याचे ‘जीवितहानी’ करतात, तेही चूक, कारण त्यातही जीव गेलेलाच असतो. तेव्हापासून माझा नियम आहे : मृतांचा आकडा एकटा छापायचा नाही. मृत किती आणि जखमी किती, असे दोन आकडे कागदावर शेजारीशेजारी लिहायचे. दुसरा मिळत नसेल तर पहिल्यावर विश्वास ठेवायचा नाही, ‘बस कोसळली, अनेक जण मृत वा जखमी झाल्याची भीती’ एवढ्यावर थांबायचे. दुसऱ्या पेपरचा आकडा मोठा असेल, असू दे. आजकाल मुले म्हणतात, वेबसाइटवर टाकून नंतर बदलता येते. येते की. चोडणचा माणूस तोवर फेरीत बसलेला असतो.

कोर्टाच्या बातम्या

इथे शब्द चुकला तर माणूस बदनाम होतो, म्हणून जरा दमाने घ्या. ताब्यात घेतले म्हणजे अटक नव्हे. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी एक नव्हे. पहिलीत पोलीस चौकशी करतात, दुसरीत माणूस तुरुंगात जातो. डिस्चार्ज म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच दोषमुक्त. अॅक्विट म्हणजे खटला चालून निर्दोष सुटका. स्टे म्हणजे स्थगिती, क्वॅश म्हणजे आदेशच रद्द. चार जणांनी मिळून केला तो कायद्याच्या भाषेत दरोडा नव्हे, दरोड्याला निदान पाच लागतात. तोवर ती जबरी चोरी. मथळ्यात दरोडा दिसायला भारदस्त वाटतो, हे मलाही कळते.

‘सँक्शन’ तर दुतोंडी मांडूळ आहे. सरकारने खटल्याला सँक्शन दिली म्हणजे मंजुरी दिली. एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन्स लादली म्हणजे निर्बंध घातले. ‘टेबल’चेही तसेच : आपल्याकडे विधेयक टेबल केले म्हणजे सभागृहात मांडले, अमेरिकन बातमीत टेबल केले म्हणजे बाजूला ठेवून दिले.

आणि ‘रिफ्यूट’. पुढाऱ्यावर आरोप झाला, पुढारी म्हणाला ‘हे खोटे आहे’, आणि बातमी आली की त्याने आरोपांचे खंडन केले. खंडन केले नाही हो, इन्कार केला. पुरावे देऊन आरोप खोडून काढले असते तर खंडन. इंग्रजी दैनिकेही डिनाय आणि रिफ्यूट एकाच मापाने वापरतात, आणि आपण निमूटपणे मागे जातो. माझ्या मते ही नुसती भाषेची चूक नाही, पुढाऱ्याला फुकटात दिलेली पावती आहे. तीच गत ‘फ्लॉट’ आणि ‘फ्लॉन्ट’ची. किनाऱ्यावर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम ‘फ्लॉन्ट’ करून बांधकाम झाल्याचे इंग्रजीत सर्रास छापले जाते. फ्लॉन्ट म्हणजे मिरवणे. नियम मिरवत कुणी बांधकाम करत नाही. धाब्यावर बसवून करतो, तो फ्लॉट.

एमटी

खाणींच्या बातम्या गोव्यात चुकवून चालत नाहीत, कारण वाचणाऱ्यांतल्या अर्ध्यांनी कधीतरी त्यावर पोट भरलेले असते. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१४ मध्ये राज्यातल्या खनिज उत्खननाला वर्षाला २० दशलक्ष टनांची मर्यादा घातली. कागदोपत्री हे ‘२० एमटी’, म्हणजे मिलियन टन. एका मुलाने एमटीचा मेट्रिक टन केला. वीस टन! दहा टनी टिपरच्या दोन खेपा. वर्षभराचा खाणधंदा सकाळच्या नाश्त्याआधी आटोपला.

मी शून्ये कागदावर काढतो. दशलक्ष म्हणजे दहा लाख. वीस दशलक्ष म्हणजे दोन कोटी. बिलियन म्हणजे शंभर कोटी. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. मोबाइलमध्ये करून देणारी सोय आहे म्हणे. असेल. पण बोटाने शून्ये मोजताना ‘हे इतके कसे असेल?’ असा प्रश्न पडतो, तो सोयीत पडत नाही.

गावांच्या नावांचे रडगाणे पुन्हा कधीतरी सविस्तर गाईन. यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांनी सॅन्क्वेलिम, क्वेपेम आणि झेल्डेम अशी तीन नवी गावे वसवली आहेत. ती साखळी, केपे आणि शेल्डे. पोर्तुगीज स्पेलिंगमधला शेवटचा एम हा बहुधा नुसता नाकातला स्वर आणि एक्स म्हणजे श, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. उरलेल्यासाठी कदंब बसस्टँडवर जाऊन पाच मिनिटे कंडक्टरांचा आरडाओरडा ऐका. आणि महाराष्ट्राच्या सवयीने आमच्या मामलेदाराचा तहसीलदार आणि जिल्हा पंचायतीची जिल्हा परिषद करू नका, ही हात जोडून विनंती.

कधीकधी मात्र मूळ कागदच चुकलेला असतो. परवा एका खात्याच्या प्रेसनोटीत होते की पणजीत ‘इन ल्यू ऑफ कार्निव्हल’ वाहतूक वळवण्यात येईल. लिहिणाऱ्याला म्हणायचे होते ‘इन व्ह्यू ऑफ’, म्हणजे कार्निव्हलनिमित्त. ल्यू म्हणजे ऐवजी. रात्री साडेदहाला फोन वाजला. सत्तरीचाच तो मुलगा, आता डेस्कवर जुना झालेला.

‘सर, कार्निव्हल रद्द करून त्याऐवजी नुसती वाहतूकच वळवणार आहेत काय?’

झोपमोड झाली म्हणून ओरडणार होतो. राहिलो.