हलकी लागर चाखायला बसण्याआधी

हलकी लागर, म्हणजे कमी मद्यार्काची फिकट बिअर, तपासणे हे झणझणीत रश्श्याची पारख करण्याइतके सोपे नाही. रश्श्यात मसाल्याआड बरेच काही खपून जाते. ही बिअर मात्र साध्या वरणासारखी असते, डाळ जराशी लागली तरी पहिल्याच घासाला कळते. म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका शेतघरी आम्ही पाचजण हिवाळ्यात चाखणीला बसतो, तेव्हा बिअरच्या निवडीपेक्षा अधिक वेळ खोली, ग्लास आणि आपापले नाक यांच्या तयारीत जातो.

सर्वांत आधी बाटल्यांची सोय करावी. नागपुराहून यवतमाळकडे येणारा नेहमीचा रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो आणि त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे माहीत असूनही गाडीच्या डिकीत खोके टाकून निघणारे लोक भेटतात. तो मोह टाळावा आणि खरेदी आपल्याच जिल्ह्यात, परवान्यानिशी, पावती घेऊन करावी. चाखणारे सर्वजण पंचविशीच्या पुढचे असावेत, म्हणजे वयाच्या अटीचा वादच उरत नाही. दुकानात लेबल वाचल्याशिवाय बाटली हातात घेऊ नये. आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाईक स्ट्राँग मागत असल्याने दुकानदार सवयीने तीच पुढे करतो, आणि आपल्याला हवी असते ती मद्यार्क साधारण 2.8 ते 4.2 टक्के असलेली. दुकानाबाहेर उन्हात ठेवलेल्या खोक्यातली बाटली, विशेषतः हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तपकिरी काच प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा अडवत नाही.

घरी आणल्यावर बाटल्या निदान दोन दिवस फ्रीजमध्ये उभ्या ठेवाव्यात. चाखताना बिअर 4 ते 7 अंश सेल्सिअसवर असावी, तेव्हा आदल्या रात्री फ्रीजमध्ये पाण्याचा पेला ठेवून सकाळी त्यात थर्मामीटर बुडवून पाहावा. बर्फात गाडून थिजवलेली बिअर सर्वांना आवडते, परंतु इतक्या थंडीत गंध वर येत नाही आणि दोष झाकले जातात. पिण्यासाठी ते ठीक आहे, परीक्षेसाठी नाही.

दिवस आणि जागा ठरवताना वाऱ्याचा विचार करावा. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हाळ्यात ग्लासातली 60 मिलिलिटर बिअर पाहता पाहता कोमट होते आणि कूलरमधल्या भिजलेल्या गवताचा वास खोलीभर पसरतो, म्हणून उन्हाळा टाळणेच बरे. हिवाळ्याच्या अखेरीस मात्र शेजारच्या वावरात पऱ्हाटी जाळण्याचे काम निघते. त्या धुरात बसून लागरचा गंध लिहिणे म्हणजे नुसती कागद भरणी आहे. वेळ सकाळी दहाची धरावी, स्वयंपाकघरात फोडणी पडण्याच्या आत. खोलीत उदबत्ती लावू नये, दारापुढच्या अंगणात त्या दिवशी ताजे शेण सारवू नये, आणि रंग नीट दिसावा म्हणून उजेडाच्या खिडकीजवळ पांढरे कापड अंथरावे. थेट ऊन मात्र टेबलावर येऊ देऊ नये.

ग्लासांविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण येथे आम्ही एकदा सपशेल फसलो आहोत. पहिल्या वर्षी सहाच्या सहा नमुन्यांत सर्वांना लोण्याचा वास आला आणि आम्ही मोठ्या गांभीर्याने सहाही बिअरींवर ताशेरे लिहिले. नंतर कळले की ग्लास ज्या घासणीने धुतले होते तिनेच सकाळी ताकाची रवी आणि ताकाचे पातेले घासले होते. तेव्हापासून ग्लासांसाठी नवी घासणी ठेवली आहे. ग्लास खाण्याच्या सोड्याने धुवावेत, भरपूर पाण्याने विसळावेत आणि कापडाने न पुसता पालथे घालून वाळू द्यावेत. ओल्या ग्लासाच्या आतल्या बाजूस पाण्याचा सलग पातळ थर राहिला तर ग्लास स्वच्छ. थेंब थेंब फुटले तर तूपतेल उरले आहे आणि फेस त्यामुळेच मरेल. स्टीलचे पेले घेऊ नयेत, त्यांत रंग आणि पारदर्शकता दिसतच नाही.

तोंड धुण्यासाठी बोअरचे जड पाणी न वापरता कॅनचे पाणी मागवावे. दोन नमुन्यांच्या मधे खाण्यास साधा पाव किंवा मीठ न घातलेली ज्वारीची भाकरी पुरते. शेव, ठेचा, तळलेले शेंगदाणे हे सगळे गुणपत्रिका गोळा झाल्यावर.

पंचांना आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे की सकाळपासून खर्रा बंद. ही अट आमच्याकडे सर्वांत जड जाते, कारण तंबाखू-सुपारी-चुन्याने जिभेवर बसलेला थर दोन घोट पाण्याने निघत नाही. तर्री-पोह्यांचा नाश्ता करून येऊ नये, केसांना वासाचे तेल लावू नये, फवारणी करून थेट वावरातून येऊ नये, आणि सर्दी असलेल्याने मोकळेपणाने सांगून ओतण्याचे काम घ्यावे.

नाकाची उजळणी चाखणीच्या आदल्या संध्याकाळी करून ठेवावी, कारण लागरच्या दोषांची परदेशी नावे पाठ असली तरी तो गंध आपल्या स्मरणात नसेल तर उपयोग होत नाही. एका वाटीत ताजे लोणी ठेवावे. आंबवण घाईने उरकली की डायअ‍ॅसिटिल उरते आणि त्याचा वास असाच येतो. दुसऱ्या वाटीत मक्याचे कणीस उकडलेले पाणी ठेवावे. हा डायमिथिल सल्फाइडचा गंध, बहुधा उकळी अपुरी राहिल्याचा. तिसरीत कच्च्या हिरव्या सफरचंदाची फोड ठेवावी, कारण बिअर कोवळी राहिली की अ‍ॅसिटाल्डिहाइडचा वास तसा येतो, आणि चौथीत हवा लागून शिळ्या झालेल्या बिअरची ओळख म्हणून भिजवलेला पुठ्ठा. पाचव्यासाठी हिरव्या बाटलीतली थोडी बिअर दोन ग्लासांत ओतून एक सावलीत आणि एक उन्हात पंधरा मिनिटे ठेवावा. प्रकाशाने हॉप्समधील (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतील) घटक फुटून जो गंधकी दर्प तयार होतो त्याला अमेरिकेत स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात; तो प्राणी आपल्याकडे नाहीच, म्हणून आम्ही गुणपत्रिकेत सरळ ‘हिंग आणि जळके रबर’ असे लिहितो, आणि सर्वांना ते समजते.

पंचांनी मनाचीही थोडी तयारी करून यावे. बिअरच्या स्पर्धांत प्रचलित असलेल्या बीजेसीपी या बिअर-पंचांच्या संस्थेच्या 2021 च्या निकषांनुसार या प्रकाराचा कडवटपणा 8 ते 12 आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) इतकाच असतो, अंग म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा अतिशय हलका, प्रसंगी पाण्यासारखा, वायू भरपूर आणि शेवट कोरडा. फेस फार वेळ टिकत नाही, त्यामुळे तो बसला म्हणून गुण कापू नयेत. मक्याच्या दाण्याचा किंचित गोडसर भास चालतो. उकडत्या कणसाच्या पाण्याचा वास चालत नाही, आणि हा भेद करण्यासाठीच ती दुसरी वाटी आहे. हा कोरडेपणा मुद्दाम घडवलेला असतो: 1967 मध्ये अमेरिकेत जोसेफ ओवेड्स यांनी पिष्ट जवळजवळ पूर्ण तोडणारे विकर वापरून कमी उष्मांकाची बिअर काढली, त्यामुळे यीस्टला सगळी साखर खाता आली आणि मागे गोडी उरली नाही. तेव्हा ‘पाण्यासारखी लागते’ किंवा ‘किक नाही’ हे शेरे या टेबलावर बाद धरावेत. स्वतः मला भरड, माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या चवीची) बिअर अधिक आवडते, पण येथे माझी आवड कोणी विचारलेली नाही.

ओतणारा चाखणार नसावा. त्याने आतल्या खोलीत ग्लासांवर तीन अंकी क्रमांक लावावेत, कोणता क्रमांक कोणत्या बाटलीचा हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिशात ठेवावी, आणि पंचांना न सांगता एकच बिअर दोन क्रमांकांनी द्यावी. तिला दोनदा निराळे गुण पडले तर आपण किती पाण्यात आहोत ते कळते. एका पाइंटमध्ये, म्हणजे लहान बाटलीत, पाचजणांचे प्रत्येकी 60 मिलिलिटर भागते आणि सहा नमुने धरले तर प्रत्येकाच्या पोटात 360 मिलिलिटर जाते. थोडे आहे, तरी परतताना दुचाकी चालवणारा न प्यायलेलाच हवा, हे आधीच ठरवावे.

गुणपत्रिका प्रत्येकाला वेगळी द्यावी: गंधाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5, एकूण परिणामाला 10, मिळून 50. ग्लास हाती येताच आधी वास घ्यावा, कारण गंधकाचे बारीक वास पहिल्या काही क्षणांत उडून जातात; त्यानंतर रंग पाहावा आणि मग घोट घ्यावा. थोड्या वेळाने ग्लास तळहातात धरून कोमट करून पुन्हा हुंगावे, लोणी असेल तर ते तेव्हा वर येते. सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणी भुवईसुद्धा उंचावू नये. आमच्यातल्या ज्येष्ठ काकांनी नाक मुरडले की उरलेल्या चौघांना दोष सापडू लागतो. सातपेक्षा अधिक गुणांचे अंतर पडल्यास तेवढ्याच नमुन्यावर बोलावे आणि गरज भासल्यास ताजा ग्लास मागवावा.

रिकाम्या बाटल्या लगेच भंगारात टाकू नयेत. चिठ्ठी उघडल्यावर लेबलावरची उत्पादनाची तारीख प्रत्येक गुणपत्रिकेवर उतरवून घ्यावी. पुठ्ठ्याचा वास ज्या नमुन्यात आला, त्याची तारीख बहुधा सर्वांत जुनी निघते.