चकचकीत रायफल दिसली की आधी हात मागे घ्या

आमच्या घरी दसऱ्याच्या आधी तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून घासली जायची. चकाकतंय म्हणजे नीट ठेवलंय, हे मला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. हीच समजूत घेऊन मी कोल्हापुरातून इंग्लंडमधल्या एका लिलावघराच्या शस्त्रविभागात आलो आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलो.

रायफल होती बर्मिंगहॅमची दुनळी, .450 ची (हे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, इंचात), शंभर वर्षांहून जुनी. नळ्या काळ्याभोर, दस्ता आरशासारखा. मी कॅटलॉगमध्ये ‘अप्रतिम अवस्था’ लिहून मोकळा झालो, अंदाजी किंमतही तशीच चढी धरली. आमच्याकडच्या जुन्या बंदूकमिस्त्रीने तो मजकूर वाचला, ‘हं’ म्हटलं आणि छापायला जाऊ दिला. पाहणीच्या दिवशी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने दस्त्याच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवला आणि रायफल परत ठेवली. लिलावात माझ्या आकड्याच्या निम्म्यालाही कुणी हात वर केला नाही.

अंगठ्याला काय लागलं होतं? नवी असताना दस्त्याचं लाकूड धातूला जिथे भिडतं तिथे ते धातूपेक्षा केसभर वर असतं. कुणी सँडपेपर मारला की ते खाली जातं आणि धातूची कड नखाला अडकते. एकदा खाली गेलेलं लाकूड परत वर येत नाही. मग मी बाकीचं बघितलं. नळीवर कोरलेली अक्षरं पॉलिशच्या चाकाखाली एका बाजूला पुसट झालेली, ओलं बोट फिरवल्यासारखी. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट. चांगल्या इंग्लिश कारागिराच्या बंदुकीत स्क्रूच्या सगळ्या खाचा नळीच्या रेषेत उभ्या असतात. इथे दोन तिरक्या होत्या आणि एक चेपलेली. म्हणजे कुणीतरी उघडून, घासून, नव्याने काळी करून ती ‘सजवली’ होती. मूळ रंग कुठे टिकतो तेही सांगतो: चापाच्या कड्याच्या आतल्या बाजूला आणि नळीखालच्या लाकडाआड, जिथे हात पोचत नाही तिथे. हाताच्या जागी झिजलेला आणि आडोशाला टिकलेला रंग खरा. सगळीकडे सारखाच गडद असेल तर तो नंतरचा. पुन्हा सांगतो, कारण मी स्वतः तीनदा वाचूनही फसलो होतो: झीज असावी, पण ती योग्य जागी असावी.

मिस्त्री नंतर म्हणाला, ‘सांगितलं असतं तर लक्षात राहिलं नसतं.’ असेल. पण शिकाऊ माणसाला मुद्दाम पडू देणारे गुरू मला आजही पटत नाहीत. पडण्याची लाज वर्षभर पुरली, शिकणं मात्र दहा मिनिटांत झालं असतं.

नळीचं थोडक्यात. सुटी नळी आकड्यावर टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारा, देवळातल्या घंटेसारखा नाद निघाला पाहिजे. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली असू शकते. आत टॉर्च मारा. जुन्या काडतुसांच्या टोपीतले (ठिणगी पाडणाऱ्या भागातले) क्षारयुक्त अवशेष हवेतली ओल ओढायचे, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात फिरलेल्या रायफलींच्या नळीत गंजाचे खड्डे हमखास सापडतात.

नळीखालचे चाचणीचे ठसे, म्हणजे नळी किती दाब सोसते हे तपासून मारलेल्या खुणा, मात्र वाचायला शिकाच. .450 ची सव्वातीन इंची काडतुसं दोन प्रकारची: जुनी काळ्या बंदुकीच्या दारूची आणि 1898 पासूनची कॉर्डाइटची, म्हणजे बिनधुराच्या दारूची. लांबी तीच, दाब कितीतरी जास्त. ‘कॉर्डाइट 70-480 मॅक्स’ असं कोरलेलं असेल तर जास्तीत जास्त 70 ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) कॉर्डाइट आणि 480 ग्रेनची गोळी. तसं काही नसेल तर ती काळ्या दारूचीच समजा, आणि कॉर्डाइटचं काडतूस कुणालाही त्यात घालू देऊ नका. किंमत राहू दे बाजूला, माणूस जाईल.

‘महाराजांची रायफल’ ऐकलं की हुरळू नका. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात पेंढा भरलेले वाघ बघत वाढलेला मी, मला ही गोष्ट लगेच खरी वाटायची. आता आधी अनुक्रमांक बघतो. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या बंदुका बनवणाऱ्या पेढ्यांच्या जुन्या वह्यांत पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव सापडू शकतं. नळी, नळीखालचं लाकूड आणि यंत्रणा, तिन्हींवर तोच क्रमांक हवा. मोबाईलवर मागच्या लिलावांचे आकडे बघून किंमत ठोकणाऱ्यांचा मला राग येतो; आकडा दिसतो, पण त्या रायफलीच्या दस्त्याची कड दिसत नाही.

आणि गावाकडून फोन येतातच: ‘आजोबांची रायफल आहे, तिकडे विकता येईल का रे?’ नाही. शंभर वर्षांवरची पुरावस्तू 1972 च्या कायद्याने खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परवाना संपला असेल तर ती माळ्यावर ठेवू नका, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा. तोवर चिंच, पितांबरी, काथ्या, काहीही लावू नका. मऊ कापडाने पुसलीत तरी पुरे, त्याने काही बिघडत नाही.

ती दुनळी पुढच्या लिलावात पुन्हा आली. या वेळी मी लिहिलं: ‘दस्ता घासलेला, नळ्या नव्याने काळ्या केलेल्या, नळीच्या आतले पीळदार आटे चांगले.’ अंदाज निम्म्याहून खाली धरला. तिघांनी बोली लावली.