आरएनएचं २६०/२३० गुणोत्तर ०.६ वर अडकलं होतं, ते असं सुधारलं

ही गुणोत्तरं म्हणजे त्या त्या नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश नमुना किती शोषतो याची तुलना, त्यावरून शुद्धतेचा अंदाज येतो. २६०/२८० व्यवस्थित २.० येत होतं, म्हणजे प्रथिनांची फारशी भेसळ नव्हती. पण २६०/२३० फक्त ०.६, हवं २.० च्या आसपास. आलेख पाहिला तर २३० नॅनोमीटरकडे सरळ चढण. हा बहुतेक वेळा आरएनए काढताना वापरलेल्या ग्वानिडिन थायोसायनेट या क्षाराचा अवशेष असतो. (फिनॉल असेल तर शिखर २७० कडे सरकतं, नुसते आकडे बघून हे कळत नाही, आलेख बघाच.)

आधी ब्लँक (यंत्र शून्यावर आणायला वापरलेलं, आरएनए नसलेलं द्रव) तपासला. नमुना टीई बफरमध्ये आणि ब्लँक पाण्याचा, ही नेहमीची चूक. टीई बफरमधलं ईडीटीए २३० ला प्रकाश शोषतं. ब्लँक बरोबर होता, म्हणून पुन्हा अवक्षेपण केलं, म्हणजे आरएनए द्रावणातून घन रूपात वेगळं काढलं. १०० मायक्रोलिटर नमुन्यात ३ मोलर सोडियम ॲसिटेट (पीएच ५.२) १० मायक्रोलिटर आणि थंडगार शुद्ध इथेनॉल २७५ मायक्रोलिटर घातलं. उणे २० अंशांवर तासभर, मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट) बलाने २० मिनिटं फिरवलं. खरं काम पुढच्या धुण्यात: ७५ टक्के इथेनॉलने दोनदा, दर वेळी नळीचं झाकण आणि कडाही धुवून. तळाशी बसलेली आरएनएची गोळी पाचच मिनिटं वाळवली, जास्त वाळली की विरघळत नाही.

नंतर २६०/२३० झालं २.१. थोडं आरएनए वाया जातंच. प्रति मायक्रोलिटर २० नॅनोग्रॅमखाली मात्र या गुणोत्तरावर विसंबू नये.