पिक्चरमधली भीती पकडायची कशी

आधी एक करा, व्हिलनकडं बघायचं सोडा. 'सामना' पिक्चर लावला की आपण सगळे निळूभाऊ फुल्यांच्या हिंदुरावाकडंच बघत बसतो, माणूसच तसला भारी, खरं भीती त्याच्या तोंडावर न्हाई, गाववाल्यांच्या तोंडावर हाय. १९७४ चा पिक्चर, जब्बार पटेलांचा, लिहिलाय तेंडुलकरांनी. श्रीराम लागूंचा मास्तर गावातनं गायब झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारत सुटतो ना, तिथं मास्तरला सोडा आणि समोरच्याला बघा, नजर कुठं जाते, काम कसं आठवतं अचानक. आणि हिंदुराव मास्तरला काय करतो बघा. घरात ठेवून घेतो, खाऊ घालतो, दारू पाजतो. हेच पकडायला अवघड, कारण ते प्रेमासारखं दिसतं.

नंतर 'हाय नून', १९५२ चा इंग्रजी पिक्चर, सबटायटल लावून. तो लिहिणाऱ्या कार्ल फोरमनला त्याच काळात अमेरिकेत कम्युनिस्ट शोधणाऱ्या कमिटीपुढं उभं केलं होतं, तेवढं डोक्यात ठेवा. गुंड दुपारच्या गाडीनं येणार आणि मार्शल, म्हणजे गावचा पोलीस, त्यांच्याशी लढायला चर्चमध्ये माणसं मागायला जातो. तो सीन दोनदा बघायचा. पहिल्यांदा आवाज बंद करून, फक्त बाकांवरची माणसं. दुसऱ्यांदा फक्त मेयरचं भाषण ऐका, सुरुवात मार्शलच्या कौतुकानं, मग रस्त्यात गोळीबार झाला तर आपल्या गावात पैसा घालायला कोण येणार, आणि शेवटी तूच गाव सोड बाबा. कुठल्या वाक्याला गाडी वळली ते वहीत लिहा. बाजूला दोन खाने करा, भीती कुणाची आणि फायदा कुणाचा. (घोषणा, झेंडे वगैरे लिहीत बसू नका, ते सगळ्यांनाच दिसतं.)

मग तीच वही घेऊन आपल्याकडचं बघा. सीमाभागात तापलं की एस्ट्या हद्दीवरच्या कोगनोळीपर्यंतच, इकडं शटर अर्धं खाली आणि मोबाईलवर फॉरवर्ड, 'उद्या बाहेर पडू नका', खाली नाव न्हाई गाव न्हाई. दुसरा खाना भरायला घ्या, पेन थांबतंय बघा. मराठी ग्रुपवरचा आणि कन्नड ग्रुपवरचा मेसेज शेजारी ठेवला तर आणखी मजा, नुसती नावं बदलल्यात. म्हणून सांगतो, एकट्यानं बघू नका, आणि सगळे आपल्याच भाषेतले तर नकोच.

आम्ही बेळगावच्या शहापुरात मित्राच्या घरी 'हाय नून' बघितला तेव्हा शेजारचे कन्नड काका आले होते, कुंदा (इकडची खव्याची मिठाई) घेऊन. चर्चचा सीन संपला तरी गप्प. मग म्हणाले, "ते मेयरचं परत लाव की रे, आमच्या गल्लीतल्या मीटिंगमध्ये मी सेम असंच बोल्लो होतो." तीनदा लावलं. कुंदा संपला, पिक्चर त्या दिवशी अर्धाच र्‍हायला.