जुनी गाडी घेताना कूलिंग सिस्टिम कशी तपासावी

मराठवाड्यात जुन्या गाड्यांचे बरेच सौदे दिवाळीच्या आसपास ठरतात आणि त्या दिवसांत कोणतीही गाडी सहसा गरम होत नाही. रेडिएटर निम्मा चोंदलेला असला तरी थंड हवेत तो कसेबसे निभावून नेतो. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा 42-43 अंशांवर गेला की मग खरी परिस्थिती उघडी पडते. त्यामुळे इसार देण्यापूर्वीच गाडीची कूलिंग सिस्टिम टप्प्याटप्प्याने तपासून घ्यावी.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये असे विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून पाहावा. ते कोमट लागले, तर गाडी आधीच चालवून ठेवली आहे असे समजून दुसऱ्या दिवशी यावे, कारण पुढच्या निम्म्या खुणा थंड इंजिनातच दिसतात. शिवाय गरम रेडिएटरचे झाकण उघडणे धोक्याचे असते. झाकणावर बहुधा 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो. तो बारमधील दाब असून, या दाबाखाली साधे पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते पाणी उसळून तोंडावर व हातावर येते.

इंजिन थंड असल्याची खात्री झाली की झाकण उघडून आत काय भरले आहे ते पाहावे. माझ्या मते आपल्या भागात सर्वाधिक वेळ याच पायरीवर द्यायला हवा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मुबलक असतात, आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी झाले की हाताशी असलेले तेच पाणी ओतण्याची सवय घरोघरी आहे. गरम झाल्यावर हे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पोकळ्यांत थरावर थर देऊन बसतात, आणि तो थर उष्णता बाहेर पडू देत नाही. झाकण उलटे करून त्याच्या रबरी वॉशरवर बोट फिरवावे. पांढरी खरखरीत पापडी हाताला लागली तर क्षार साचले आहेत, आणि तांबूस चिखल लागला तर आतला लोखंडी भाग गंजू लागला आहे. चांगले कूलंट पारदर्शक असते. ते हिरवे, लाल किंवा निळे असू शकते, मात्र नुसत्या रंगावरून त्याचा प्रकार ठरत नाही. विकणाऱ्याने कालच नवे कूलंट भरले असेल तर द्रव स्वच्छ दिसेल, पण वॉशरवरची आणि नळ्यांच्या जोडांवरची पापडी तशीच राहते. म्हणून द्रवापेक्षा त्या जागांवर अधिक विश्वास ठेवावा.

यानंतर गळती शोधावी. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. त्या फुगलेल्या, लिबलिबीत किंवा तडकलेल्या नसाव्यात. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक लहान छिद्र असते आणि तेथून खाली वाळलेला ओघळ दिसला तर पंपाचे सील गेलेले असते. चालकाशेजारच्या सीटपुढची, पायाखालची मॅट उचलून पाहावी. तेथे ओल आणि गोडसर वास असेल, तर हीटरचा आतला छोटा रेडिएटर गळत आहे. बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि या दोघांच्या फटीत फुफाटा, किडे व कापसाचे तंतू अडकून बसतात, तेव्हा टॉर्च लावून तेथेही डोकावावे. ही घाण हलक्या धारेने पाणी मारून निघते, त्यामुळे तेवढ्यावरून गाडी नाकारण्याचे कारण नाही.

आता एसी बंद ठेवून गाडी सुरू करावी. इंजिन थंड असताना पंखा फिरता कामा नये, कारण बहुतेक गाड्यांत तो 95 ते 100 अंशांच्या दरम्यान सुरू होतो. चावी फिरवताच तो फिरू लागला, तर कोणीतरी तो ‘डायरेक्ट’ (सेन्सर वगळून थेट जोडलेला) केलेला असतो किंवा तापमानाचा सेन्सर बिघडलेला असतो. दुसरा नेहमीचा जुगाड म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. साधारण 82 ते 88 अंशांना उघडणारा हा व्हॉल्व्ह काढला की गाडी शहरात गरम होत नाही, पण इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, मोकळ्या रस्त्यावर ते पुन्हा थंड पडते आणि मायलेज घसरते. हे दोन्ही उपाय मूळ आजार झाकण्यासाठी केले जातात, तेव्हा ते आढळल्यास पुढची तपासणी अधिक कडक करावी.

तापमानाचा काटा नसलेल्या गाडीत फक्त निळा आणि लाल दिवा असतो, त्यावरून फारसा अंदाज येत नाही. अशा वेळी मोबाइलला जोडता येणारा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारे यंत्र) सोबत न्यावा. थंड गाडीत कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे; त्यांत मोठी तफावत असेल, तर सेन्सरवर विसंबू नये.

सर्वांत महागडी शंका हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलची. त्यासाठी थंड इंजिन पहिल्यांदा सुरू करतानाच रेडिएटरचे झाकण उघडेच ठेवून आत पाहावे. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबत नसतील, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत आहे. झाकण लावल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरची नळी दगडासारखी कडक होणे ही त्याचीच दुसरी खूण आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधी थर असेल तर लगेच घाबरू नये, कारण रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत तो दमटपणामुळेही येतो. डिपस्टिकवरचे (तेल मोजण्याच्या पट्टीवरचे) तेलही दुधी दिसले, तर मात्र पाणी तेलात मिसळले आहे. शंका उरल्यास गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करून घ्यावी. रेडिएटरच्या तोंडाशी जमणाऱ्या हवेत ज्वलनाचा वायू असेल, तर हा द्रव पिवळसर होतो.

शेवटी भर दुपारी, माणसे बसवून आणि एसी लावून चक्कर मारावी. छत्रपती संभाजीनगरकडच्या वाचकांना कन्नडचा घाट आणि बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट यासाठी सोयीचा आहे. सपाट भागात गाडी अर्धा तास चालवून नंतर इंजिन सुरूच ठेवून दहा मिनिटे उभी ठेवावी. उभ्या गाडीत काटा चढला आणि धावताना उतरला, तर दोष पंख्यात किंवा साचलेल्या घाणीत असतो. याउलट वेगात किंवा चढावर तापत असेल, तर चोंदलेला रेडिएटर, अशक्त पंप किंवा गॅस्केट यांचा विचार करावा. काटा चढलेला असताना हीटर लावूनही थंड हवा येत असेल, तर कूलंट कमी आहे किंवा फिरत नाही. वाटेत लाल दिवा लागलाच, तर एसी बंद करून, हीटर पूर्ण लावून गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि त्यावर थंड पाणी मुळीच ओतू नये, कारण त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

नळ्या, झाकण, थर्मोस्टॅट आणि पंखा यांचे दोष किमतीत वळते करून घेता येतात. गॅस्केटची खूण दिसली, तर मात्र गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी ती घेऊ नये. घेतलेल्या गाडीतले जुने पाणी काढून, आतून धुऊन, कंपनीने सांगितलेले कूलंट भरावे. ते घट्ट स्वरूपात मिळाले तर डब्यावरील प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरच मिसळावे. आत अडकलेली हवा काढून टाकल्यावर पुढचे काही दिवस सकाळी कूलंटच्या बाटलीतली पातळी पाहत राहावे. जुने कूलंट अंगणात ओतू नये. ते चवीला गोड असल्यामुळे कुत्री आणि जनावरे ते पितात, आणि ते विषारी असते.