नोकरी सांभाळून ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम पूर्ण कसा करावा

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, आणि बहुधा त्यामुळेच गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणारी माणसे एकदम चार-चार अभ्यासक्रमांना नावे घालून बसतात. तसे करू नये. जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रे असतात. एका सत्रात एकच अभ्यासक्रम घ्यावा, आणि अभ्यासाची सवय सुटली असेल तर तो आठ आठवड्यांचा असावा.

पुढील आकडे एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांच्या उपक्रमातील अभ्यासक्रमांचे आहेत; इतर संस्थांचे नियम वेगळे असतात, ते त्या त्या अभ्यासक्रमाच्या पानावर पाहावेत. दर आठवड्याला व्याख्यानांच्या चित्रफिती आणि एक स्वाध्याय येतो. स्वाध्यायांना २५ गुण असतात आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण लागतात. एकीकडची तूट दुसरीकडून भरून निघत नाही. मात्र बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात १२ पैकी सर्वोत्तम ८ स्वाध्यायच धरले जातात.

ही चार स्वाध्यायांची मोकळीक गोव्यातील माणसाने चतुर्थीसाठी राखून ठेवावी. जुलैच्या सत्राच्या ऐन मध्यावर चतुर्थी येते आणि स्वाध्यायाची मुदत काही सणासाठी थांबत नाही. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मंडपीचे, सामान जमवायचे, पाहुण्यांची उठबस करायची आणि रात्री सत्तरी तालुक्यातल्या मूळ घराच्या अंगणात रेंज शोधत फोन उंच धरून उभे राहायचे, हे मी केले आहे. त्यापेक्षा गावी निघण्यापूर्वीच वायफायवर त्या आठवड्याच्या चित्रफिती उतरवून घ्याव्यात. व्याख्यानांचे लिखित रूप उपलब्ध असेल तर तेही घ्यावे, कारण कदंबाच्या बसमध्ये वाचन जमते, ऐकणे जमतेच असे नाही.

परीक्षेची नोंदणी ही वेगळी पायरी आहे. तिचा अर्ज स्वतंत्र असतो, तिला शुल्क असते आणि तिची मुदत सत्र चालू असतानाच संपते. पहिल्या खेपेस मी सगळे स्वाध्याय वेळेत दिले आणि हा अर्जच भरायचा राहिला. अभ्यास झाला, प्रमाणपत्र मात्र हुकले. अर्जात नाव ओळखपत्रावर आहे तसेच, अक्षरन् अक्षर लिहावे. आपल्याकडे एकाच घरातील दोघे भाऊ ‘गावकर’ हे आडनाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे ही सूचना क्षुल्लक समजू नये.

पदवीसाठी श्रेयांक (क्रेडिट) हवे असतील तर क्रम उलटा ठेवावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करण्याची मुभा संस्था देऊ शकते, पण कोणता अभ्यासक्रम चालेल हे संस्थाच ठरवते. म्हणून आधी महाविद्यालयाकडून लेखी होकार घ्यावा, आणि मगच नाव नोंदवावे.